कोल्हापुरातल्या फुलेवाडीचं अंगण: पाणी जिरवण्याच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी

सोसायटीच्या मीटिंगमध्ये अखेर अंगणाचा विषय निघाला. ३० मीटर बाय १४ मीटर, म्हणजे ४२० चौरस मीटर. त्यावर जुना कोबा, ठिकठिकाणी फुगलेला आणि तडकलेला. उतार गेटकडं. जोराचा पाऊस लागला की गेटजवळचं गटार तुंबतं, पाणी मागं फिरतं आणि मीटर रूममध्ये शिरतं. अध्यक्ष काकांचं म्हणणं, पुन्हा कोबाच करा, फक्त जाड करा. तरुण मंडळींचं म्हणणं, पाणी जिरवा, बोअरचं पाणी वाढेल. मी सिव्हिलवाली, त्यामुळं काम माझ्या गळ्यात.

एका कंत्राटदारानं लगेच पत्रक काढून दाखवलं: सच्छिद्र पेव्हर (फरसबंदीचे ब्लॉक), पाणी क्षणात गायब. मी विचारलं, गायब होऊन कुठं जातं? तो म्हणाला, "खाली की मॅडम!" खाली म्हणजे काय, हे कुणी बघितलेलं नाही. आधी ते बघायचं, ब्लॉकचा रंग मागाहून ठरवता येईल.

१३ फेब्रुवारी

वजनाचा उद्योग. भट्टीची लाल वीट, चौकोनी कापलेला जांभ्याचा चिरा, काळ्या दगडाचा ठोकळा आणि एक पेव्हर ब्लॉक असं सामान गोळा केलं. पद्धत आयएस ३४९५ या भारतीय मानकात विटांसाठी दिली आहे तीच: १०५ ते ११५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं, वजन घ्यायचं, २४ तास पाण्यात बुडवायचं, वरचं पाणी ओल्या फडक्यानं टिपून पुन्हा वजन.

वीट आपल्याकडची नेहमीची, २३० × १०० × ७५ मिमी. कोरडी २.९४ किलो, भिजून ३.४६. म्हणजे ५२० ग्रॅम पाणी प्यायली, वजनाच्या १७.७ टक्के. साध्या विटेला २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यामुळं पास. पण हे १७.७ म्हणजे विटेची सच्छिद्रता नव्हे, आणि साइटवर सगळे नेमकं तेच समजून चालतात. विटेचं आकारमान १.७२५ लिटर, त्यात ५२० मिली पाणी शिरलं, म्हणजे आकारमानाच्या ३० टक्के. विटेतल्या घन भागाची घनता लिटरला २.६५ किलो धरली तर एकूण पोकळी येते ३६ टक्के. मधले ६ टक्के कुठं गेले? काही भोकं चारी बाजूंनी बंद आहेत, त्यांना बाहेर तोंडच नाही. काहींत हवा अडकून बसली. त्याच आयएसमध्ये पाच तास उकळून करायची दुसरी चाचणी आहे, तिच्यात अडकलेली हवा निघते आणि आकडा वर सरकतो. वीट तीच, भोकं तीच, आकडे मात्र तीन.

जांभ्यानं मजा आणली. कोरडा ४.१० किलो, भिजून ४.५५. वजनाच्या ११ टक्के, चिऱ्याच्या मानकातल्या १२ टक्क्यांच्या आत. आकारमान २.४ लिटर, त्या हिशोबानं पोकळी १९ टक्के. पण चिरा बादलीतून वर काढताना त्याच्या बोटबोटभर विवरांतून पाणी धो धो गळत होतं. काट्यावर पोचेपर्यंत निम्मं पाणी फरशीवर. मग तोच चिरा पाण्यातच काट्याला टांगून तोलला: २.६० किलो. कोरडं वजन वजा हे, म्हणजे १.५ किलो; घन भागानं बाजूला सारलेल्या पाण्याचं हे वजन, म्हणून घन भाग १.५ लिटर. पोकळी ३७ टक्के निघाली. १९ आणि ३७ मधला फरक म्हणजे मोठी विवरं. बारीक भोकं पाणी धरून ठेवतात, मोठी सोडून देतात. आपल्याला अंगणात सोडून देणारी हवी आहेत, आणि भिजवून तोलायची चाचणी नेमकी तीच मोजायची राहते.

काळा दगड: २.८० किलोच्या ठोकळ्यानं ११ ग्रॅम पाणी घेतलं. विषय संपला. पेव्हर: ४ टक्क्यांच्या आसपास; मानकातली मर्यादा ६. म्हणजे ब्लॉकमधून पाणी जातच नाही, जातं ते दोन ब्लॉकच्या मधल्या फटीतून. पत्रकातला 'सच्छिद्र' ब्लॉकचा नसून फटींचा आहे.

१९ फेब्रुवारी

कोबा फोडून खड्डा घेतला. वर सहा इंच सोलिंगचा चुरा, खाली काळी माती, मीटरभरानं पिवळसर मुरूम लागला. मिस्त्री वाकून बघत म्हणाले, "ताई, ही माती पाणी लई पिती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडत्यात." बरोबर आहे. आणि घोटाळाही तिथंच आहे.

कोअर कटरनं, म्हणजे मातीत ठोकायच्या पोलादी नळीनं, नमुना घेतला. सुकवल्यावर घनता १.३०, म्हणजे पोकळी जवळपास ५२ टक्के. शेजारीच ४० मिमी खडीची १५ लिटरची बादली भरून वरून पाणी ओतलं, सव्वासहा लिटर मावलं: ४२ टक्के. म्हणजे काळ्या मातीत खडीपेक्षा जास्त पोकळी! हे सांगितल्यावर अध्यक्ष काका खूश झाले. "मग प्रश्नच मिटला की." मी म्हटलं, थांबा काका, उद्या रिंग लावते.

२१ फेब्रुवारी

लोखंडी रिंग मातीत ठोकून पाणी भरलं. पहिल्या तासात डोळ्यांदेखत पाणी खाली, भरावं तितकं कमीच. भेगा पीत होत्या. रिंग रात्रभर भरती ठेवली. माती फुगली, भेगा मिटल्या, आणि सकाळी पातळी तासाला जेमतेम ३ मिलिमीटर उतरत होती. डिझाइनला हाच आकडा घ्यायचा, कारण पाऊस पडतो तेव्हा माती ओलीच असते. फेब्रुवारीत दुपारी तासभर चाचणी करून 'उत्तम निचरा' असा दाखला देणारे अहवाल मी नोकरीत पाहिलेत. त्यांतल्या एकावर आज एक पार्किंग उभं आहे आणि दर जुलैला त्यात होड्या सोडता येतात.

पोकळी जास्त असून पाणी का जात नाही, याचं कारण भोकांच्या मापात आहे. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षा लहान, त्यामुळं मधल्या वाटाही तितक्याच बारीक. नळीचा व्यास दहावा हिस्सा केला की त्याच दाबाला तिच्यातून जाणारं पाणी दहा हजारावा हिस्सा होतं. उलट एकाच मापाचे गोळे रचले तर गोळे मोहरीएवढे असोत की नारळाएवढे, पोकळी तेवढीच राहते: सैल रचणीत सुमारे ४८ टक्के, घट्ट रचणीत २६. पोकळी किती हे रचणीवर ठरतं, पाणी किती जाणार हे मापावर. आँरी दार्सीनं १८५६ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास छापला, त्यात वाळूच्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून त्यानं हा प्रवाह मोजला होता. त्याच्या सूत्रात सच्छिद्रतेचा आकडा येत नाही, वाळूनुसार बदलणारा एक गुणांक येतो, पारगम्यतेचा, म्हणजे पाणी किती सहज आरपार जातं त्याचा. आमच्या फायलीतही आजपासून दोन वेगळे रकाने, एक सच्छिद्रतेचा आणि एक पारगम्यतेचा.

आणखी एक. काळी माती ओलीनं फुगते, वाळली की आकसते. इमारतीच्या पायाशी मुद्दाम पाणी मुरवणं म्हणजे भिंतींना तडे मागून घेणं. भिंतीपासून ३ मीटर पट्टा पूर्ण बंद ठेवायचा, खाली पाणी न झिरपू देणारं लायनर घालून. यावर चर्चा नाही.

२ मार्च

मिस्त्रींच्या आग्रहाखातर पेठेतल्या एका तालमीत गेले. विषय रोलरवरून निघाला होता. कंत्राटदार म्हणतो दहा टनी रोलर फिरवल्याशिवाय काम हातात घेणार नाही. मी म्हणते, ज्या मातीतून पाणी जायला हवं तीच दाबून दगड करायची? मिस्त्री म्हणाले, "आमच्या वस्तादांना विचारा, माती त्यांच्याएवढी कुणाला कळत नाही."

कुस्तीच्या हौद्यातली माती लालभडक, चाळून घेतलेली, ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली. हात घातला की कोपरापर्यंत जातो, आणि मूठ उघडली की माती बोटांना न चिकटता बारीक रव्यानं सुटते. तेल-ताकानं कण एकमेकांना धरून गोळ्या होतात, त्यामुळं धुरळा उडत नाही आणि गोळ्यांच्या मधे हवा राहते. सकाळी पोरांनी खोऱ्यानं हौदा उकरला तेव्हाची माती आणि दोन तासांच्या लढतीनंतर त्याच कोपऱ्यातली माती, असे दोन डबे एका पोरानं भरून दिले. घरी वाळवून तोलले. उकरलेली ०.९८, तुडवलेली १.३१. पोकळी ६३ टक्क्यांवरून ५१ वर. नुसत्या पायांनी आणि पाठींनी!

वस्ताद म्हणाले, "तुडवून माती मरते, म्हणून रोज खोरं. न्हाईतर पोरगं पडलं की हाड गेलंच." खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलं, तेव्हापासूनच्या कुस्त्यांच्या गोष्टीही निघाल्या, त्या इथं लिहीत नाही.

दाबल्यावर आधी मरतात ती मोठी भोकं, म्हणजे पाणी सोडणारी. १२ टक्के पोकळी गेली म्हणून पारगम्यता १२ टक्क्यांनी कमी होत नाही, कित्येक पटींनी पडते. म्हणून ठरलं: खडीचा थर रोलरनं बसवायचा, खडी खडीवर टेकून वजन पेलते आणि पोकळी फारशी घटत नाही. तळाच्या मातीवर मात्र रोलर नाही, जेसीबीही काठावर उभा राहूनच खोदेल. शेवटचे सहा इंच माणसांनी खोऱ्यानं. कंत्राटदारानं तोंड वाकडं केलं, दर वाढवून मागितला. दिला.

१६ मार्च

बोअरचं पाणी वाढेल म्हणणाऱ्या मंडळींना घेऊन पन्हाळ्याच्या वाटेला गेलो, निम्मं काम आणि निम्मी सहल. नकाशापेक्षा डोंगराचा कापलेला कडा लवकर समजतो. माथ्यावर जांभ्याची टोपी, खाली बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड. जांभा पावसाचं पाणी विवरांतून खाली सोडतो, खाली त्याच खडकाची कुजून झालेली चिकणमाती आणि घट्ट बेसाल्ट लागतो, पाणी अडतं आणि त्या सांध्यावरून आडवं चालायला लागतं. जांभ्याच्या पठारांखालचे झरे या सांध्याशी सापडतात ते यामुळंच. हेच पाणी बाहेर पडायला वाट मिळाली नाही की भोकांत दाब चढतो आणि उतार खचतो. २०२१च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता खचला तेव्हा वर्तमानपत्रांतले फोटो सगळ्यांनी पाहिले होते. आज कारण बोट ठेवून दाखवता आलं.

परत येताना एका खाणीच्या तोंडाशी काळ्या दगडाचे दोन तुकडे उचलले. एक ठोकला तर घणघणला, भोक नाही. दुसऱ्याला वाटाण्याएवढी भोकं, पण जवळजवळ सगळी पांढऱ्या-हिरवट खनिजांनी बुजलेली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना वायू वर चढला, थराच्या माथ्याला बुडबुडे गोठले, मग त्या पोकळ्यांतून फिरलेल्या पाण्यानं झिओलाइट आणि कॅल्साइट आणून भरलं. भोकं होती, पाण्यानंच बुजवली. मग आपल्या बोअरला पाणी कुठून येतं? फटींतून, कुजलेल्या मुरमातून, दोन लाव्ह्यांच्या मधल्या थरातून. अखंड बेसाल्टमधून नाही.

२३ मार्च

मीटिंगमध्ये बोअरचा हिशोब फळ्यावर मांडला, कारण त्यावरून अपेक्षा फार वाढल्या होत्या.

समजा एका जोरदार पावसाचं २५ घनमीटर पाणी आपण जिरवलं आणि ते एक एकर क्षेत्राखाली पसरलं. एकर म्हणजे सुमारे ४,०५० चौरस मीटर, तर पाण्याची जाडी ६ मिमी. कुजलेला, भेगाळ बेसाल्ट आपल्या आकारमानाच्या १ ते ३ टक्केच पाणी सोडतो. २ टक्के धरले तर ६ मिमी पाण्यानं विहिरीची पातळी ३०० मिमी चढते. नदीकाठच्या वाळूत, जिथं २० टक्के पाणी सुटतं, तिथं तेवढ्याच पाण्यानं ती ३० मिमी चढली असती. फूटभर पाणी चढतं म्हणून टाळ्या पडल्या. मग दुसरी बाजू सांगितली: चढतं तसंच उतरतं. तेवढंच पाणी उपसलं की पातळी फूटभर खाली. आपल्या भागातल्या विहिरी ऑगस्टमध्ये काठोकाठ आणि मार्चमध्ये तळाला जातात, त्यात खडकाच्या या कंजूषपणाचा मोठा हात आहे. वर काळी माती तासाला ३ मिमीनं सोडणार, त्यातलं बरंचसं ती स्वतःच धरून ठेवणार. तेव्हा अंगणाचं काम मीटर रूम कोरडी ठेवण्यासाठी आहे. बोअरला मिळालं तर मिळालं.

तरुण मंडळी नाराज. एकानं विचारलं, सरळ बोअरमध्येच पाइप सोडला तर? पार्किंगचं पाणी, त्यात टायरचा चुरा आणि ऑइल, ते गाळल्याशिवाय बोअरमध्ये? माती हळू सोडते, पण गाळून सोडते. नाही म्हणजे नाही. छताचं पाणी गाळून सोडायचा विचार वेगळा करू.

६ एप्रिल

वाळूविरहित काँक्रीटची एक लादी करून पाहिली. १० मिमी खडी, सिमेंट, जेमतेम पाणी, वाळू अजिबात नाही. खडीच्या प्रत्येक दाण्यावर सिमेंटचा लेप बसतो, दाणे टेकतात तिथं चिकटतात, मधे १५ ते २५ टक्के पोकळी राहते. सगळा खेळ पाण्याचा. पाणी जास्त झालं की लेप ओघळून तळाशी साचतो आणि तिथं घट्ट पापुद्रा धरतो. वरून जाळी, खालून डबकं. कमी झालं की दाणे सुटून येतात. मिस्त्री मूठभर माल घेऊन दाबून बघतात: गोळा सुटायला नको, आणि तळहाताला सिमेंटची लाळ लागायला नको. लगेच प्लास्टिकनं झाकून ठेवलं, कारण भोकांतून वारा फिरतो आणि माल आतून वाळतो.

लादीवर बादली उपडी केली तर पाणी खरंच क्षणात गायब. सगळ्यांनी व्हिडिओ काढले.

मग मी आमच्याच दारातला झाडलेला केर पाण्यात कालवून ओतला, पुन्हा पुन्हा. धूळ, पिंपळाची पानं, गळीत हंगामातली काजळी. पाणी वर थांबायला लागलं. लादी फोडून पाहिली: घाण वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्येच अडकलेली, खाली भोकं स्वच्छ. जोराच्या पाण्यानं किंवा व्हॅक्यूमनं ती निघते, पण दर वर्षी हे कोण करणार? आमच्या सोसायटीत टाकी धुवायची आठवण तीनदा करावी लागते. म्हणून लादी बाद. साधा पेव्हर, १० मिमी फट, फटीत ६ मिमीची धुतलेली खडी. ती तुंबली तर पत्र्यानं खरवडून काढायची आणि नवी भरायची, घमेलंभर खडीचा खर्च. भोक बुजणारच, ते उकरता येतं की नाही, एवढंच बघायचं.

१९ एप्रिल

गेटजवळच्या चॅनेलसाठी (पाणी वाहून नेणाऱ्या नालीसाठी) बिडाच्या जाळ्या आल्या. उतरवताना एक हातातून सुटली आणि दोन तुकडे झाले. जाळी पडल्यावर अशी तुटायला नको. तुकडा घेऊन शिरोलीला गेले, वर्गमित्राच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात. जाळ्या त्याच्या नव्हेत.

त्यानं तुटका भाग उजेडात धरला. राखाडी दाणेदार लोखंडात वरच्या अंगाला करंगळीच्या नखाएवढ्या दोन पोकळ्या, आतून गुळगुळीत, चकचकीत. "अगं, हा गॅस आहे. ब्लो होल. श्रिंकेज, म्हणजे थिजताना आकसून झालेली पोकळी, असतं तर आत खरबरीत, काटेरी दिसलं असतं." साचा म्हणजे वाळू, बेंटोनाईट नावाची चिकणमाती, कोळशाची पूड आणि तीनचार टक्के पाणी. तेराशे-चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस आत पडला की पाण्याची वाफ होते; नुसत्या १०० अंशांवरच तिचं आकारमान पाण्याच्या सोळाशे पट. ती वाळूच्या दाण्यांमधून बाहेर पडली पाहिजे. वाळू फार बारीक, माती जास्त, ओल जास्त किंवा ठोकून फार घट्ट केली, की वाफेला वाट नाही. मग ती रसात घुसते आणि रस थिजला की तिथंच राहते.

त्याच्या सँड लॅबमध्ये एक छोटं यंत्र आहे. ५० मिमी व्यासाचा आणि तितक्याच उंचीचा वाळूचा नमुना तीन ठोक्यांनी कोंबायचा, त्यातून २,००० घन सेंटीमीटर हवा जाऊ द्यायची, वेळ मोजायचा. त्यावरून वाळूचा पारगम्यतेचा नंबर. अंगणाचं जे कोडं मी दोन महिने मांडतेय, ते इथं रोज सकाळी पाळी सुरू होताना सुटतं! मित्राचा एक मुद्दा वहीत उतरवून घेतला: फार मोकळी वाळूही चालत नाही, रस दाण्यांत शिरतो आणि कास्टिंगला खरखरीत कातडी येते. वाळूनं गॅस सोडायचा आणि रस धरायचा, भोक त्या दोन्हींच्या मधल्या मापाचं हवं. आमच्या खडीखालच्या जिओटेक्स्टाईलचं, म्हणजे गाळणीच्या कापडाचं, कामही तेच: पाणी सोडायचं, माती धरायची.

जाळ्या परत पाठवल्या. पुरवठादार म्हणे, वरून पुट्टी भरून रंग मारून देतो. नको.

५ मे

खोदाई. कागदावरचा मोठा प्रश्न उताराचा होता. ३० मीटर लांबीत अंगण अर्धा मीटर उतरतं. खडीचा थर उताराबरोबर तिरका घातला तर पाणी खडीतल्या खडीत घरंगळून गेटशी जमेल, वरच्या बाजूची पोकळी रिकामीच राहील आणि खाली फटींतून पाणी उसळून वर येईल. म्हणून तळ तीन पायऱ्यांचा केला, प्रत्येक पायरी १० मीटर लांब आणि सपाट, मधे मातीचा बांध. प्रत्येक पायरीच्या खालच्या टोकाला खडी २५० मिमी, वरच्या टोकाला साधारण ४१५. पाणी १५० मिमीपर्यंत चढू द्यायचं, त्यावर निघून जायला छिद्रांचा ११० मिमी पाइप. खडीची पोकळी सावधपणे ४० टक्के धरली, म्हणजे १५० मिमी खडीत ६० मिमी पाऊस मावतो, अंगणभर २५ घनमीटर. मातीच्या ३ मिमीच्या वेगानं रिकामं व्हायला वीस तास.

डोंगरउतारावर भाताची खाचरं पाडतात तेच हे, फक्त खडीखाली झाकलेलं. मिस्त्री राधानगरीकडचे, त्यांना ड्रॉइंग दाखवावंच लागलं नाही.

२४ मे

ब्लॉक बसले, फटी भरल्या. दुपारी प्लास्टरसाठी कुणाच्या तरी फ्लॅटचा क्रश सँडचा (दगड भरडून केलेल्या वाळूचा) ट्रक आला आणि तयार अंगणावरच ढीग ओतून गेला. वळवाची सर आली आणि डस्ट सगळी फटींत. त्या कोपऱ्यातल्या फटी खरवडून पुन्हा भरायला लावल्या, खर्च त्या फ्लॅटवर. गेटवर पाटी लावली: 'अंगणावर वाळू, माती, सिमेंट टाकू नये.' पाटी वाचणारे ट्रकवाले मी अजून पाहिलेले नाहीत, म्हणून वॉचमन मामांना साखळीही दिली.

१४ जून

पहिला खरा पाऊस. तिन्ही पायऱ्यांत उभे निरीक्षण पाइप ठेवलेत, त्यांत टेप सोडून बघते. मोजपात्रात ३८ मिमी. ४० टक्के पोकळीच्या हिशोबानं खडीत ९५ मिमी चढायला हवं होतं. वरच्या पायरीत ८०, मधल्यात ९०, खालच्यात १२०. वरचं थोडं पाणी पृष्ठभागावरूनच खाली वाहून येतंय आणि मागच्या इमारतीचा एक पन्हाळ खालच्या पायरीत गळतोय. पन्हाळ वळवायचा. मीटर रूम कोरडी. अध्यक्ष काका टॉर्च घेऊन स्वतः बघून आले, बोलले काही नाहीत.

खडीतली पातळी तासाला ९ मिमीनं उतरली. ४० टक्क्यांनी गुणलं की माती पितेय ३.६ मिमी. रिंगच्या आकड्याच्या जवळ.

२६ जुलै

आठवडाभर उघडीप नाही. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली, ४३च्या धोक्याकडं सगळ्यांचं लक्ष. शहरात वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस, पण नदीत येतं ते गगनबावडा-राधानगरीकडचं, जिथं तो कैक पटींनी जास्त. त्या पाण्यापुढं ४२० चौरस मीटर अंगणाची बात करू नये.

इथं आता पातळी तासाला २ मिमीनंच उतरतेय, म्हणजे माती पितेय ०.८. ती भरलीय. अशा दिवसांत हे अंगण जिरवण्याचं काम जवळजवळ करतच नाही, पाणी तासभर थोपवून पाइपनं गटाराला सावकाश सोडतं. तेवढ्यानंही मीटर रूम वाचली, कारण गटार भरतं ते पहिल्या अर्ध्या तासाच्या लोंढ्यानं.

मात्र सर ओसरली तरी खडी रिकामी होत नाही आणि पुढच्या सरीला जागा उरत नाही. निकासाच्या पाइपला फिरता एल्बो (वळणाचा जोड) आहे, त्याचा उपयोग आता करायचा. जुलै-ऑगस्टमध्ये तोंड खाली, ५० मिमीवर, म्हणजे खडी लवकर मोकळी होईल. परतीच्या पावसात, माती पुन्हा प्यायला लागली की तोंड वर, १५० मिमीवर. चेंबरच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं दोन रेघा मारून वॉचमन मामांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "आणि गणपतीत कुठल्या रेघंवर ठेवायचं?" खालच्या, असं सांगितलं. विसर्जन झालं की मातीची रिंग पुन्हा लावून बघू आणि मग ठरवू.